वरचा वारा

माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरहून जीपने अर्ध्या तासावरच्या एका गावात राहते. गावाच्या पश्चिमेला तांबड्या मातीचा उंच माळ आहे आणि त्या माळाच्या कडेला तिची जमीन. मी कमलनगरच्या शाळेत विज्ञान शिकवते. बहुतेक रविवारी सकाळी तिच्याकडे जाते आणि दिवस मावळल्यावर परतते. आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतात. आत्या देवाशी कानडीत बोलते आणि माणसांशी मराठीत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी तिच्या मुलानं, माझ्या आत्येभावानं, मला पंचायतीत चलायला सांगितलं. त्या माळावर पवनचक्क्या उभ्या करायचं सरकारनं ठरवलं होतं. कंपनीचा एक इंजिनिअर आला होता, पण त्याला हिंदी आणि तेलुगू एवढंच येत होतं. सरकारी कागद कानडीत होता आणि ऐकणारी निम्मी माणसं मराठीच समजणारी. आत्येभाऊ म्हणाला, "अक्का, तू मास्तरीण हायस. जरा समजावून सांग."

पंचायतीच्या ओसरीत माणसं बसली होती. बायका भिंतीला टेकून मागे, आणि त्यांच्यात आत्या. मी कागद हातात घेतला. धोरण असं होतं की कोळशाची वीज हळूहळू कमी करायची आणि वाऱ्यापासून, उन्हापासून होणारी वाढवायची, कारण जागतिक तापमान वाढत आहे. मजा अशी की हा शब्द कानडीतही जागतिक तापमान आणि मराठीतही जागतिक तापमान. मी तो दोन्ही भाषांत वाचला आणि दोन्ही भाषांतल्या माणसांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

मग मी कागद खाली ठेवला आणि वर्गात सांगते तसं सांगायला लागले. कोळसा जळतो, त्याचा धूर वर जातो. तो दिसेनासा होतो, पण संपत नाही. धरणीच्या अंगावर तो वाकळीसारखा पसरतो. दिवसभर तापलेल्या धरणीची ऊब पूर्वी रात्री निघून जायची, ती आता त्या वाकळीखाली अडकते. म्हणून उन्हाळे वाढायलेत, म्हणून पाऊस वेडावाकडा पडायलाय.

 मग मागून आत्यानं विचारलं, "मग ती वाकळ काढायची कुणी?"

 मी इंजिनिअरला तिचा प्रश्न हिंदीत सांगितला. तो चाळिशीचा, चष्मा लावणारा, हळू बोलणारा माणूस होता. त्यानं खरं तेच सांगितलं. ती वाकळ लवकर निघणारी नाही. आपल्या हातात एवढंच आहे की तिच्यावर आणखी एक पदर चढवायचा नाही. वाऱ्यापासून वीज झाली तर तेवढा कोळसा जळायचा वाचतो. मी ते मराठीत सांगितलं, मग कानडीत. आत्या मान हलवत राहिली. ती पटल्याची मान होती की विचार करत असल्याची, मला कळलं नाही.

नंतर प्रश्न सुरू झाले. खाली शेळ्या चारता येतील का, विजा पडतील का. एका म्हाताऱ्यानं विचारलं की ही पाती ढग हाकलून लावतात असं ऐकलंय, ते खरं का. पावसाचे ढग या पात्यांच्या किती तरी वरून जातात, हे मी पंचायतीच्या फळ्यावर काढून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही म्हणता तर असंल." पुढे दोन पावसाळे चांगले झाले तेव्हा कुठे तो प्रश्न गावातून गेला.

पवनचक्क्या लगेच आल्या नाहीत. आधी वारा मोजायचा होता. माळाच्या माथ्यावर एक सडपातळ लोखंडी खांब उभा राहिला, चारी बाजूंनी तारांनी ताणलेला. त्याच्यावर वेगवेगळ्या उंचीला छोट्या काळ्या वाट्या लावलेल्या होत्या. वारा आला की त्या गरगर फिरायच्या आणि किती फिरल्या ते खाली पेटीत नोंदलं जायचं. गाव त्याला वाऱ्याचा टावर म्हणायचं. वर्षभर तो नुसता उभा होता. तारांना शेळ्या अंग घासायच्या.

त्या हिवाळ्यात एका रविवारी मी शाळेतली दुर्बीण आत्याकडे नेली होती. पक्षी बघायचे म्हणून नेली होती, पण संध्याकाळी माळावर गेल्यावर मी सहज ती त्या खांबाकडे वळवली. सूर्य टेकलेला होता. वारा पूर्ण पडला होता, तुरीचं एक पान हलत नव्हतं. खालच्या वाट्या स्तब्ध होत्या. मी दुर्बीण वर वर नेली. मधल्या वाट्या फिरत होत्या. सगळ्यात वरच्या वाट्या तर एवढ्या जोरात फिरत होत्या की त्या वाट्या आहेत हेच दिसत नव्हतं, नुसतं काळं वर्तुळ दिसत होतं.

मला वाटलं माझीच नजर चुकते आहे. मी पुन्हा खाली बघितलं, पुन्हा वर. विज्ञान शिकवून मला वीस वर्षं झाली होती आणि वारा म्हणजे सगळीकडे एकदमच वाहतो, एकदमच थांबतो असं मी मनात धरून चालले होते.

मी आत्याला दुर्बीण दिली. तिला ती नीट धरता येईना, मी मागून धरली. तिनं बघितलं आणि दुर्बीण परत दिली. तिला काहीच विशेष वाटलं नव्हतं.

"वर चालूच असतोय की," ती म्हणाली. "तुला ठाव न्हाई व्हय?"

आणि मग शेताच्या बांधावर बसून तिनं मला जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मळणी यंत्रं यायच्या आधी माळाच्या पश्चिम कडेला त्यांचं खळं होतं. ज्वारी मळून झाली की ती उपणायची. म्हणजे उंच तिपाईवर उभं राहून सुपातनं धान्य खाली सोडायचं, वारा भुस्कट उडवून नेतो आणि दाणा खाली पडतो. मामा, म्हणजे तिचे यजमान, यांना उंचावर भोवळ यायची. म्हणून तिपाईवर आत्या चढायची आणि मामा खालून पाट्या भरून द्यायचे. दिवस कलला की वारा बसायचा. बाकीची माणसं हातातलं सूप ठेवून घरी जायची. पण रास तशीच उघड्यावर टाकून जायला आत्याचं मन घ्यायचं नाही. एकदा तिनं मामांना बैलगाडी खळ्यात आणून उभी करायला लावली, गाडीवर तिपाई ठेवली आणि तिच्यावर चढली. खाली झुळूक नव्हती, पण तिच्या तोंडाला वारा लागला.

"वारा मरत न्हाई," आत्या म्हणाली. "धरणी गार व्हायली की तो वर जाऊन चालतो. आपून खाली बसून म्हणायचं, पडला."

तेव्हापासून ते दोघं दर साली दिवस मावळल्यावरही उपणायचे. गाव हसायचं, बाई गाडीवर चढून नाचायली म्हणायचं. मामांनी तिपाई दोन्ही हातांनी घट्ट धरलेली असायची आणि वर बघायचं नाही म्हणून डोळे मिटलेले असायचे. हे सांगताना ती जरा हसली. मामा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

ती वारा कुठे आणि कसा येतो तेही सांगत गेली. आषाढात तो पश्चिमेकडून येतो आणि रात्रंदिवस थांबत नाही. टावर उभा केलाय तो माथा सगळ्यांना उंच दिसतो, पण वारा तिथे फुटतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. खळ्याच्या जागी मात्र घळीतनं वर चढून येणारा वारा एकवटतो. सासऱ्यांच्या आजोबांनी खळं तिथे केलं ते उगीच नव्हतं.

पुढच्या खेपेला इंजिनिअर आला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. थोडी भीतभीतच सांगितलं, कारण म्हातारीच्या गोष्टी म्हणून तो हसेल असं वाटत होतं. तो हसला नाही. त्यानं गाडीतून लॅपटॉप काढला, आत्याच्या ओट्यावर बसला आणि वर्षभराच्या नोंदींचा आलेख उघडला. तीन रेघा होत्या, खालच्या, मधल्या आणि वरच्या वाट्यांच्या. त्यानं हिवाळ्यातला एक दिवस मोठा करून दाखवला. दुपारभर तिन्ही रेघा एकमेकींच्या जवळून चालत होत्या. सूर्य मावळायच्या वेळेला खालची रेघ पडली, अगदी तळाला गेली. आणि त्याच वेळेला वरची रेघ चढायला लागली.

त्यानं दुसरा दिवस दाखवला, तिसरा दाखवला. सगळ्या संध्याकाळी तसंच होतं.

"अम्मा," तो आत्याला म्हणाला, "आम्हाला हे कॉलेजात शिकवतात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

आत्याला थोडीफार दखनी, म्हणजे इकडची हिंदी-उर्दू, येत होती, माहेरच्या गल्लीत शेजारणींबरोबर शिकलेली. ती म्हणाली, "कोई नहीं बोल्या. हवा मरती नहीं, ऊपर जाती." आणि मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "एवढंच बघायला हे वरीसभर बसले व्हय?"

मी ते भाषांतर करून सांगितलं नाही, पण त्याला कळलं असावं. तो चष्मा काढून पुसत बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही एवढी मोठी गोष्ट, दिल्लीत आणि बंगळूरात ठरलेली, परदेशात बैठका घेऊन ठरलेली, आणि तिचं एक टोक माझ्या आत्याच्या बैलगाडीवर येऊन टेकलं आहे.

एक चक्की शेवटी खळ्याच्या जागेवर ठरली. आत्यानं सांगितलं म्हणून ठरली, असं मी म्हणणार नाही. इंजिनिअरनंच मला स्पष्ट सांगितलं की कॉम्प्युटरनं काढलेली जागाही तीच होती. आत्येभावाला काळजी होती की आई खळ्याची जागा देणार नाही. तिथे ती एवढी वर्षं उभी राहिली होती. पण तिनं एका शब्दात हो म्हटलं. आत्येभाऊ उठून गेल्यावर मला म्हणाली, "खळं वाऱ्यासाठीच होतं. आता तिथं नुसतं गवत हाय."

पाती आली ती कमलनगरवरून. त्या दिवशी सकाळी मी मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होते. आधी पोलीस आले, मग काही माणसं आली आणि त्यांनी लांब काठ्यांनी वरच्या तारा उचलून धरल्या. मग ती लांबलचक गाडी वळणावरून हळूहळू दिसायला लागली. पांढरं पातं आमच्या शाळेच्या इमारतीपेक्षा लांब होतं. पुढचं टोक बसस्टँडपाशी गेलं तरी मागचं टोक वळणापलीकडेच होतं. दुकानांतून माणसं बाहेर आली. न्हावी हातातला वस्तरा तसाच घेऊन बाहेर आला आणि अर्धी दाढी झालेला माणूस त्याच्या शेजारी. जीपवाले एरवी हॉर्नवरचा हात काढत नाहीत, ते गप्प होते.  

त्या रविवारी ते पातं आत्याच्या शेताशेजारी ठोकळ्यांवर आडवं ठेवलेलं होतं. इंजिनिअरनं आम्हाला जवळ जाऊ दिलं. आत्या बुंध्यापासून निघाली. तिथे ते आडाच्या कठड्याएवढं गोल होतं, आत माणूस उभा राहील एवढं. तिनं त्याच्यावर तळहात ठेवला आणि तो न उचलता चालत राहिली. मी तिच्या मागे. गोलाई हळूहळू चपटी होत गेली, मग एक कड धारदार झाली. ती मध्ये दोनदा थांबली, श्वास घेतला, पुन्हा चालली. टोकापाशी पोचली तेव्हा ते सुपाच्या कडेएवढं पातळ झालं होतं. तिथे धातूचा एक ठिपका होता. तो काय म्हणून तिनं विचारलं, तर इंजिनिअर म्हणाला की आभाळातली वीज पडली तर तिला जमिनीत जायची ती वाट आहे.

तिनं मागे वळून पूर्ण लांबी बघितली. मग स्वतःचा हात पुढे केला आणि मनगट हळूच वळवलं.

"असं वळलंय बघ," ती म्हणाली. "उपणताना सूप एकदम सरळ धरत न्हाईत. दंडापाशी एक आणि बोटापाशी एक, असा पीळ द्यावा लागतो."

मी पात्याकडे बघितलं. खरंच त्याला बुंध्यापासून टोकापर्यंत पीळ होता. मी दोनदा त्याच्याभोवती फिरले होते आणि मला तो दिसला नव्हता.

पाती चढवायची तर वारा कमी असावा लागतो. म्हणून ते सगळे लोक, जे वाऱ्यासाठी आले होते, क्रेनशेजारी बसून वारा पडायची वाट बघत राहिले. चार दिवस गेले. आत्या त्यांना ताक पाठवायची. पाचव्या दिवशी पहाटे वारा थांबला आणि दुपारपर्यंत तिन्ही पाती वर गेली.

चक्की पहिल्यांदा फिरली ती येळवशीला, आमच्याकडच्या मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला. त्या दिवशी गावात कुणी नसतं, सगळी घरं शेतात असतात. आत्याच्या शेतात कडब्याची खोप केली होती. ज्वारीचे वाफवलेले उंडे, डाळी-भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, सगळं खोपीपाशी मांडलेलं. इंजिनिअर आणि त्याची दोन माणसं जेवायला आले होते. आंबील त्याला एवढी आवडली की तिसऱ्यांदा मागताना तो लाजला. तो म्हणाला, यंत्राच्या चाचण्या चालू आहेत, आज कदाचित फिरवून बघतील. दुपारभर काही झालं नाही. आम्ही विसरून गेलो.

संध्याकाळी आत्येभावानं टेंभा पेटवला आणि रिवाजाप्रमाणे शेताभोवती फिरून आला. वारा पडला होता. माळावर जिथे जिथे चुली पेटल्या होत्या तिथला धूर सरळ वर जात होता, दोऱ्यासारखा. आवाज नव्हता. तेवढ्यात आत्याच्या सुनेनं वर बोट केलं.

पाती फिरत होती. आधी एवढी हळू की बघावं तर थांबल्यासारखी, मग संथ, मग एका लयीत. आम्ही उभे होतो तिथे गालाला झुळूक नव्हती, टेंभ्याची ज्योत हलत नव्हती, आणि आमच्या डोक्यावर ती तीन पांढरी पाती शेवटच्या उन्हात तांबूस होऊन फिरत होती. खाली अंधार पडला होता आणि वर अजून दिवस होता. शेजारच्या शेतातली माणसं उठून उभी राहिली. मी आयुष्यात ग्रहणं बघितली आहेत, मुलांना दाखवली आहेत. पण त्या क्षणी माझ्या अंगावर जसा काटा आला तसा कधी आला नव्हता. जे हवेत सतत चालू होतं, माझ्या जन्माआधीपासून, आत्याच्या जन्माआधीपासून, ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसत होतं.

आत्यानं पदर डोक्यावर घेतला. दोन्ही हात जोडले आणि कानडीत हळूच म्हणाली, "शरणु."

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. गावाला वाटलं होतं आता वीज जाणार नाही. तसं झालं नाही. ती वीज तारांनी उपकेंद्रात जाते आणि तिथून सगळीकडे, आणि आमच्या गावाला तिच्यातली वेगळी अशी काही मिळत नाही. उन्हाळ्यात पंखे बंद पडले तेव्हा माणसं दारात बसून फिरणाऱ्या पात्यांकडे रागानं बघायची. एका घरावर सकाळी पात्यांची सावली फिरायची, त्यांनी तक्रार केली. मग सकाळचा तेवढा वेळ ती चक्की थांबवायला लागले. उन्हाळे कमी झाले नाहीत. मी वर्गात वाकळीची गोष्ट सांगते तेव्हा मुलं विचारतात, बाई, मग फरक कधी पडणार? मी त्यांना खोटं सांगत नाही.

इंजिनिअरची बदली झाली. जायच्या आधी तो आत्याला भेटायला आला आणि म्हणाला, चला, चक्की आतून दाखवतो. मीही गेले. बुंध्याला लोखंडी जिना आणि जहाजाला असावा तसा जाड दरवाजा होता. आत्यानं चपला पायरीशी काढल्या. इंजिनिअरनं मला सांगितलं की आत अनवाणी चालत नाही, नियम आहे. मी तिला सांगितलं. तिनं चपला पुन्हा घातल्या, पण तिला ते आवडलं नाही. मग त्यानं तिच्या पदरावर पिवळं हेल्मेट ठेवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावला.

आत गार होतं. वर बघितलं तर शिडी वर वर जात अंधारात नाहीशी झाली होती. एक घुमणारा आवाज भिंतींतून येत होता, कानापेक्षा छातीला जास्त ऐकू येणारा. आत्यानं भिंतीला हात लावला, मग कान लावला. हेल्मेट मध्ये येत होतं, ते तिनं हातानं वर सरकवलं. बराच वेळ तशीच उभी राहिली.

मग तिनं विचारलं, "आत्ता ही वीज कुठं पोचली असंल?"

मी इंजिनिअरला तो प्रश्न हिंदीत सांगितला. तो म्हणाला, "अम्मा, ते कुणालाच सांगता येत नाही. बिदरच्या दवाखान्यात असेल. कुठल्या गिरणीत असेल. बंगळूरात कुणाच्या तरी खोलीत दिवा लागला असेल. आत गेली की सगळी एक होते."

मी तिला मराठीत सांगितलं. तिनं भिंतीवरचा हात काढला नाही.

"म्हंजे कुणाच्या घरी ते आपल्याला कळायचं न्हाई," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणाले.

"बरं हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतीला कान लावला. इंजिनिअर दारात उभा राहून वाट बघत होता. त्याला संध्याकाळची गाडी गाठायची होती, पण त्यानं तिला चला म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही.